सांधा कोणी जुळवायचा?

माइनक्राफ्टच्या जुन्या मॉडपॅकमध्ये, म्हणजे खेळात बाहेरून घातलेल्या भरींच्या (मॉड्सच्या) गठ्ठ्यात, खाणीत उतरून वर आलं की चेस्टमध्ये तांब्याचे चार-पाच वेगवेगळे ढीग साठायचे. फॉरेस्ट्रीचं तांबं निराळं, इंडस्ट्रियलक्राफ्टचं निराळं, टिंकर्स कन्स्ट्रक्टचं तिसरंच. नाव एक, रंगात थोडा उन्नीस-बीस, पण एकावर दुसरं रचता येत नसे. मूळ खेळात त्या काळी तांबं नव्हतंच. ते आलं २०२१ मध्ये, १.१७ या आवृत्तीबरोबर. त्याआधी ज्या मॉडकर्त्याला तांब्याची तार हवी होती त्यानं आपलं तांबं आपणच घडवलं. शेजारी काय करतोय हे बघण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

यावर तोडगा निघाला तो ‘ओअर डिक्शनरी’ नावाच्या एका यादीचा. फोर्ज हा मॉड्सना खेळाशी जोडणारा सांगाडा. ही यादी त्याच्यातच बसवलेली होती. प्रत्येक मॉडनं आपल्या तांब्याची नोंद एकाच ठरलेल्या नावाखाली करायची आणि रेसिपी लिहिताना ‘माझं तांबं’ न म्हणता नुसतं ‘तांबं’ म्हणायचं, एवढीच अट. सक्ती कुणाचीच नव्हती. तरीही बहुतेकांनी ती पाळली, आणि एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी लिहिलेली यंत्रं एकमेकांचा माल खाऊ लागली.

या यादीचं महत्त्व किती, यावरून आत्या आणि भाच्यात वाद आहे. आत्या पिंपरीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात अभियंता. भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोघं एकाच सर्व्हरवर खेळतात. तो आत्याच्या घरच्या डेस्कटॉपवर चालतो आणि त्यावर ‘फीड द बीस्ट इन्फिनिटी इव्हॉल्व्ह्ड’ हा १.७.१० आवृत्तीचा पॅक बसवलेला आहे. त्यात शंभराहून अधिक मॉड्स. एका अंगाला पल्व्हरायझर, पाइप, अणुभट्ट्या आणि सगळा माल डिजिटल करून साठवणारी एमई सिस्टिम. दुसऱ्या अंगाला थॉमक्राफ्टचे मंत्रदंड, ब्लड मॅजिकची रक्तवेदी आणि बोटॅनियाची माना देणारी फुलं. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, काही सांगितलेलं नाही.

“तांबं एक झालं, आत्या, पण बाकी काहीच एक झालं नाही,” भाचा म्हणतो. “थॉमक्राफ्ट लिहिणाऱ्यानं बिग रिॲक्टर्स डोळ्यांसमोर ठेवून काही लिहिलेलं नाही. दोघांनी आपापला खेळ लिहिला. आपण दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकले म्हणून त्यांचा एक खेळ होतो का?”

“होतो. पण तो खेळणाऱ्यानं करायचा असतो.”

“मी केला नाही, आणि मला कुणी करायलाही लावलं नाही. तुझ्या सर्व्हरवर आल्यावर मी काय केलं माहितेय? पल्व्हरायझर लावला, एका ओअरची दोन पूड मिळायला लागली. मग रिॲक्टर उभा केला, वीज उतू जायला लागली. मग एमई सिस्टिम, मग ड्रॅकॉनिक इव्हॉल्यूशनचं चिलखत. ते अंगावर चढलं की माणूस उडतो आणि त्याला कुणी मारू शकत नाही. संपलं. फुलांकडे, वेदीकडे मी बघितलंसुद्धा नाही. कशाला बघू? फुलं लावून मला असं काय मिळणार होतं जे माझ्याकडे नव्हतं?”

भाच्याचा हा मुद्दा हवेतला नाही. खुल्या पॅकचं हे दुखणं फार जुनं आहे, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘इक्विव्हॅलंट एक्स्चेंज’. टेक्किट या गाजलेल्या पॅकमध्ये हे किमयेचं मॉड होतं. त्यानं जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक किंमत लावून दिली: दगड १, लोखंड २५६, सोनं २०४८, हिरा ८१९२. किंमत जुळली की वस्तू बदलून घ्यायची. आता माइनक्राफ्टमध्ये पाणी आणि लाव्हा शेजारी आणले की तिथं दगड तयार होतो, कितीही, फुकट. म्हणजे यंत्रानं दगड फोडत बसायचं आणि दर ८१९२ दगडांमागे हिरा घ्यायचा. खाण, शेती, व्यापार, शेजारची शहाणी यंत्रं, सगळ्यांची गरज एका कोष्टकानं संपवली. कित्येक सर्व्हरवाल्यांनी त्यातल्या वस्तूंवर बंदी घातली, कित्येकांनी अख्खं मॉडच काढून टाकलं.

“मग काढलं ना?” आत्या विचारते. “पॅक बुडाला का त्यानं? जे सगळ्यांना गिळतं ते काढायचं आणि पुढं जायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या पायात बेडी कशाला घालायला हवी?”

ती जुनी खेळाडू आहे आणि मॉड्स एकत्र नांदणं ही गोष्ट तिला गृहीत धरता येत नाही. माइनक्राफ्टची पहिली जाहीर आवृत्ती मार्कस पर्सननं मे २००९ मध्ये दिली आणि पूर्ण १.० आवृत्ती आली १८ नोव्हेंबर २०११ ला. त्या दिवसांत मॉड बसवायचं म्हणजे खेळाची जार फाइल उघडायची, मॉडच्या फाइली तिच्यात टाकायच्या आणि मेटा-इन्फ नावाचा फोल्डर आठवणीनं उडवायचा. तो राहिला तर पडदा काळा. त्याहून मोठी डोकेदुखी आकड्यांची होती. जगातल्या प्रत्येक ब्लॉकला एक क्रमांक असे आणि फोर्जनं वाढवून दिल्यावरही असे क्रमांक ४०९६ च होते. दोन मॉडकर्त्यांनी एकच क्रमांक धरला की खेळ सुरूच व्हायचा नाही. मग कॉन्फिग फाइल उघडून हातानं आकडे बदलत बसा. ही कटकट १.७ मध्ये मिटली, कारण तिथून पुढं ब्लॉक नावानं ओळखले जाऊ लागले.

“मॉडपॅक म्हणजे आधी हेच होतं,” आत्या सांगते. “कुणीतरी बसून सगळे क्रमांक सोडवून दिलेत, तुम्ही नुसतं डाउनलोड करा. पॅक करणाऱ्याचं काम सांधा बसेल अशी जागा करून देण्याचं. सांधा आपण जुळवायचा.”

“ते २०१२ मध्ये ठीक होतं,” भाचा म्हणतो. “तेव्हा सगळे एकत्र चालतायत याचंच कौतुक होतं. आज पॅक करणाऱ्याच्या हातात माइनट्वीकरसारखी साधनं आहेत. कुठलीही रेसिपी बदलता येते. मग बदलावी की.”

तो कुठून आलाय हे इथं सांगायला हवं. भाचा ‘ग्रेगटेक: न्यू होरायझन्स’ खेळून आलेला आहे. तोही १.७.१० वरच उभा असलेला पॅक. मूळ खेळ कितीतरी आवृत्त्या पुढं गेला, पण ही मंडळी त्याच पायावर वर्षानुवर्षं मजले चढवत आहेत. तिथं विजेच्या पायऱ्या आहेत: ३२, १२८, ५१२, २०४८, प्रत्येक पायरी आधीच्या चौपट. खालच्या पायरीच्या यंत्राला वरच्या पायरीची वीज दिली की यंत्राचा स्फोट. यंत्र उघड्यावर ठेवलं आणि पाऊस आला तरी धोका, म्हणून आधी छप्पर घालायचं, मग यंत्र मांडायचं. एखादी साधी मोटर करायची तर तार ओढायची, सळई कातायची, चुंबक करायचा. शेवटचं उद्दिष्ट स्टारगेट, आणि तिथवर जायला हजारो तास लागतात. वाट चुकू नये म्हणून भलंमोठं क्वेस्ट बुक.

“तिथं कुठलीच गोष्ट फुकट नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीला वजन आहे,” तो म्हणतो. “पहिली वाफेची भट्टी चालली तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. तुझ्या सर्व्हरवर रिॲक्टर सुरू झाला तेव्हा मी चहा पीत होतो.”

आत्यानं यावर वाद घातला नाही. कष्टानं किंमत येते हे ती रोज बघते. तिची हरकत वेगळ्या ठिकाणी आहे.

“इन्फिनिटी इव्हॉल्व्ह्डमध्ये दोन मोड आहेत, नॉर्मल आणि एक्स्पर्ट. मॉड्स तीच, जग तेच. एक्स्पर्टमध्ये रेसिप्या एकमेकींत गुंतवलेल्या. यंत्र करायला जादूतली वस्तू लागते, जादूला यंत्रातली. मी दोन्ही खेळलेय. एक्स्पर्टमध्ये मी जादूची वस्तू केली कशी? यादीत होती म्हणून. आठ हव्या होत्या, आठ केल्या, आणि वेदीकडे पाठ फिरवली. तो सांधा नव्हे रे. ती खरेदी झाली.”

“पण वेदी बांधली तरी! नॉर्मलमध्ये ती बांधलीच गेली नसती.”

इथं दोघंही बरोबर आहेत असं म्हणून पुढं सरकणं सोपं आहे. पण त्यानं काहीच हाती लागत नाही. आत्या ज्याला सांधा म्हणते तो नेमका काय, हे जवळून बघितल्याशिवाय वादाचा निकाल लागायचा नाही, आणि त्याला बोटॅनियाइतकं चांगलं उदाहरण नाही.

बोटॅनिया दिसायला जादूचं मॉड आहे. रंगीत पाकळ्या, मानाची कुंडं, एल्फांच्या जगाचं दार. पण त्याचा कर्ता वाझ्की त्याला जादूचा साज चढवलेलं तंत्रज्ञानाचंच मॉड म्हणतो, आणि ते खरंही आहे. फुलं माना तयार करतात, स्प्रेडर तिचे गोळे हवेतून कुंडात फेकतात, आणि त्या मानेवर पुढची सगळी कारागिरी चालते. त्यात पाइप नाहीत, बटणांचे पडदे नाहीत. आणि कुंडात माना किती आहे याचा आकडा कुठंही दिसत नाही; एक पट्टी भरलेली दिसते, तेवढीच.

“ही लपवाछपवी मला पटत नाही,” भाचा म्हणतो. “आकडा आहे. सोर्स कोड उघडा आहे, त्यात लिहिलेला आहे. मग पडद्यावर का नको?”

“कारखान्यात मीटर बसवला की माणसं मीटर बघतात, यंत्र बघत नाहीत. बेअरिंगचा आवाज बदललेला मीटरवर यायला वेळ लागतो. वाझ्कीला ते नको असणार. तू फुलाजवळ उभं राहावंस, बघावंस, असं त्याला वाटतं.”

एवढंच नाही. ज्या फुलांना काही खाऊ घालावं लागत नाही, नुसत्या उन्हावर किंवा पाण्यावर जी माना देतात, त्यांची लोकांनी शेकड्यांनी रांग लावली आणि विषय संपवला. तेव्हा कर्त्यानं ती फुलं खेळातल्या तीन दिवसांनी, म्हणजे खऱ्या तासाभरात, सुकून जातील अशी करून टाकली. ज्याला माना हवी त्यानं कष्टाचं फूल पोसावं. कुणी केक खातं, कुणी टीएनटीचा स्फोट गिळतं, आणि सुरुवातीला सगळ्यांच्या वाट्याला येतं ते एंडोफ्लेम: जमिनीवर पडलेला कोळसा जाळून माना देणारं फूल.

भाच्यानं शेवटी बोटॅनियाला हात घातला तो याच फुलापासून, आणि ते यंत्रवाल्याच्या पद्धतीनं. एंडर आयओच्या फार्मिंग स्टेशननं झाडं लावायची आणि तोडायची, ओंडके रेडस्टोन फर्नेसमध्ये जाऊन त्यांचा लोणारी कोळसा व्हायचा, तो ड्रॉपरमध्ये, आणि ड्रॉपरनं ठरावीक वेळानं एक-एक कोळसा फुलापुढं टाकायचा. कोडमधून त्यानं कोळसा जळायला लागणारा वेळ काढला आणि रेडस्टोनचं घड्याळ त्या मापानं लावलं. कागदावर सगळं चोख होतं.

चाललं नाही. फुलं चार होती आणि चौघांची जळायची वेळ एकमेकांशी जुळेना. हातातला कोळसा संपल्याशिवाय फूल दुसरा उचलत नाही. सर्व्हर मंदावला की घड्याळ एकीकडे, फुलं दुसरीकडे. जमिनीवर कोळसा साचायला लागला, आणि माइनक्राफ्टमध्ये पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. अर्धी लाकडं अशीच वाया चालली होती.

“घड्याळ कशाला?” आत्यानं बघून विचारलं. “फुलाला भूक लागली की नाही हे फुलालाच विचार. कोळसा पडतो त्या जागी प्रेशर प्लेट ठेव. प्लेटवर कोळसा आहे तोवर ड्रॉपर बंद. फुलानं उचलला की प्लेट मोकळी, ड्रॉपर सुरू.”

त्यानं दगडी प्लेट ठेवली. काहीच घडलं नाही, कोळसा पडतच राहिला. दगडी प्लेटला माणूस आणि प्राणी कळतात, पडलेली वस्तू कळत नाही. लाकडीला सगळं कळतं. प्लेट बदलली, आणि फुलं लागेल तेवढंच मागायला लागली. भाच्यानं कोडमधून काढलेल्या आकड्याची गरजच उरली नाही.

यात बोटॅनियाच्या कर्त्यानं फार्मिंग स्टेशन गृहीत धरलेलं नव्हतं. एंडर आयओवाल्यांना फुलं ठाऊक असायचं कारण नव्हतं. लाकडी आणि दगडी प्लेटमधला फरक तर मूळ खेळातला, मॉड्सशी त्याचा संबंधच नाही. तीन ठिकाणच्या तीन गोष्टी एका अंगणात जोडल्या गेल्या त्या भाच्याला माना हवी होती म्हणून, आणि आत्याला वाया जाणारा कोळसा बघवत नव्हता म्हणून. खुल्या पॅकमध्ये जे मिळतं आणि दुसरीकडे मिळत नाही ते हे. रेसिपीत लिहून दिलेला सांधा एकदा वापरून संपतो. असा सांधा रोज चालत राहतो, बिघडतो, दुरुस्त करावा लागतो. आत्याचं म्हणणं इथं पटतं.

आणि हे सांधे शक्य झाले ते काही शांत, कंटाळवाण्या करारांमुळं. ओअर डिक्शनरी हा त्यातला एक. दुसरा विजेचा. आधी बिल्डक्राफ्टची ऊर्जा वेगळी, इंडस्ट्रियलक्राफ्टची ईयू वेगळी, मध्ये रूपांतराची यंत्रं. मग थर्मल एक्स्पान्शनवाल्या टीम सीओएफएचनं रेडस्टोन फ्लक्स, म्हणजे आरएफ, सगळ्यांना वापरायला मोकळी दिली आणि एकामागून एक मॉड्स तिच्यावर आली. पुढं फोर्जनं तसंच माप आपल्यातच सामावून घेतलं. बोटॅनियातसुद्धा माना देऊन आरएफ घेणारा एक ब्लॉक आहे, माना फ्लक्सफील्ड. थॉमक्राफ्टचं सत्त्व एमई सिस्टिममध्ये साठवता यावं म्हणून थॉमिक एनर्जिस्टिक्स नावाचं वेगळंच जोडमॉड लिहिलं गेलं. माइनक्राफ्टच्या अटींनुसार मॉड विकता येत नाही, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं. दोन परक्यांच्या निर्मितीत फक्त दुवा घालायला कुणीतरी आपल्या रात्री खर्च केल्या.

मात्र भाच्याचा एक मुद्दा यानंही खोडला जात नाही, आणि तो त्यानं थॉमक्राफ्टवरून मांडला.

“तुझ्या मोकळ्या जगात मी थॉमक्राफ्ट कधीच उघडलं नसतं. न्यू होरायझन्सच्या क्वेस्ट बुकात त्याचं प्रकरण समोर आलं म्हणून उघडलं. थॉमोमीटरनं दिसेल ती वस्तू तपासायची, तिच्यातली तत्त्वं गोळा करायची, षट्कोनांच्या जाळ्यात ती जुळवून संशोधन पुरं करायचं. महिनाभर मला ते नुसतं काम वाटलं. मग इन्फ्यूजनची वेदी आली. मधे एक चौथरा, भोवती बाकीचे, आणि मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी नसेल तर वेदी डळमळते, वस्तू चौथऱ्यांवरून उडून पडतात. मेणबत्त्या आणि कवट्या समोरासमोर, जोडीनं ठेवल्या की ती स्थिरावते. हे मी खोलीभर बसवलं तेव्हा मला वाटलं, विजेच्या पायऱ्यांपेक्षा हे भारी आहे. हे मला सक्तीनंच मिळालं, आत्या. ज्याला दार आहे हेच माहीत नाही, त्याला दार उघडं ठेवून काय उपयोग?”

आत्या यावर बराच वेळ काही बोलली नाही. तिची स्वतःची इन्फ्यूजनची वेदी अजून डळमळतेय.

“नॉट इनफ आयटम्स आहे की,” ती शेवटी म्हणाली. “वस्तूवर माउस नेऊन ‘आर’ दाबलं की ती कशी होते ते दिसतं, ‘यू’ दाबलं की तिचं काय काय होतं ते दिसतं. मी सगळं तसंच शिकले.”

“तू शिकलीस, कारण तू आलीस तेव्हा मॉड्स थोडी होती. एकेक नवं येत गेलं, तू एकेक उघडत गेलीस. आज एखादा पहिल्यांदा येतो, त्याच्यासमोर शेकडो पानांची वस्तूंची यादी एकदम उघडते. तो ‘यू’ कशावर दाबणार?”

खुल्या पॅकच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे उत्तर द्यावं लागेल. जुन्या खेळाडूंचं स्वातंत्र्य काळानं हळूहळू उलगडत दिलेलं होतं. नव्याला ते एका दमात मिळतं, आणि मग तो भाच्यासारखा सरळ सगळ्यांत जोरकस यंत्राकडे धावतो, कारण इंटरनेटवर आधी तेच सापडतं. यात त्याचा आळस नाही. त्याला शेजारी बसून दाखवणारं कुणी नव्हतं.

सध्या हा वाद अगदी व्यवहारावर आलाय, कारण भाच्याची आठवीतली बहीण पुढच्या आठवड्यात सर्व्हरवर यायची आहे. भाच्याला तिच्यासाठी क्वेस्ट बुक घालायचंय: टिंकर्सच्या पहिल्या कुदळीपासून एमई सिस्टिमपर्यंत, आणि मधे बोटॅनिया व थॉमक्राफ्ट दोन्हींतून गेल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. आत्याला पुस्तक मान्य आहे, कुलपं मान्य नाहीत. प्रत्येक मॉडच्या पहिल्या एका वस्तूपर्यंत वाट दाखवा, म्हणते, एंडोफ्लेम लावून द्या, थॉमोमीटर हातात द्या, आणि तिथं पान संपवा.

“आणि ड्रॅकॉनिकचं चिलखत?” भाच्यानं विचारलं.

“ते काढ.”

“पूर्ण मॉड?”

“चिलखत काढ. मॉड राहू दे. आणि रिॲक्टरचं तूच सांग, तूच बांधलायस.”

रिॲक्टरवर अजून एकमत झालेलं नाही. भाचा म्हणतो, त्याची रेसिपी इन्फ्यूजनमधून न्यावी. आत्या म्हणते, मग मुलीला वेदी म्हणजे रिॲक्टरची किल्ली वाटेल. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच रिॲक्टर ठेवावा आणि त्याची वीज कुठं जाते हे दर रविवारी एकत्र बसून ठरवावं.